मुंबईच्या विजेच्या लोकलगाड्या : जुन्याचे नवे कसे झाले

वाचकहो, महाराष्ट्रात शहापूर नावाची गावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन गावांची आज मुद्दाम आठवण करायची आहे. एक आपले, भंडारा जिल्ह्यातले. दुसरे ठाणे जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. त्या शहापूरला जवळचे स्टेशन म्हणजे आसनगाव. तिथून शेकडो माणसे रोज पहाटे लोकल पकडून मुंबईकडे कामाला जातात आणि रात्री परत येतात. आपल्या शहापूरच्या माणसाला रेल्वे गाठायची तर वरठीचे भंडारा रोड स्टेशन गाठावे लागते. पण रूळ तेच. भंडारा रोडवर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून त्याच आसनगावावरून मुंबईत शिरतो, आणि खिडकीतून पहिल्यांदा लोकल बघतो. दाराला माणसे लोंबकळत असलेली गाडी! पाहताच छातीत धस्स होते.

मुंबईच्या लोकलशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या गावची मुले पोटापाण्यासाठी नागपूरला जातात, पुण्याला जातात, मुंबईलाही जातात. मुंबईत गेलेल्या मुलाचा दिवस लोकलने सुरू होतो आणि लोकलनेच संपतो. दुसरे असे की, या गाड्यांचा कायापालट कसा झाला ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. जुन्या भांड्याला नुसती कल्हई करून भागेल की बूड बदलावे लागेल, की भांडेच मोडीत घालावे लागेल, हा निर्णय कासाराला रोज करावा लागतो. रेल्वेलाही तोच निर्णय करावा लागला. फरक इतकाच की, तिच्या चुलीवरचे भांडे एक दिवससुद्धा खाली उतरवता येत नव्हते.

आता मूळ कथेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली, हे शाळेतली मुलेही सांगतात. पुढे मुंबई वाढली, गिरण्या वाढल्या, आणि दादर, कुर्ला, ठाणे अशा दूरच्या वस्त्यांतून माणसे रोज शहरात येऊ लागली. कोळशाच्या इंजिनाला हे काम जड जाई. इंजिनाला पाणी हवे, कोळसा हवा. शिवाय शेवटच्या स्टेशनात गाडी पोचली की इंजिन सोडायचे, ते वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायचे, मग गाडी परत निघायची. लांबच्या प्रवासात ह्या खटाटोपाचे काही वाटत नाही. पण दर काही मिनिटांनी गाडी सोडायची तर ही रीत परवडत नाही. म्हणून १९०४ सालीच मुंबईच्या रेल्वेमार्गांवर विजेच्या गाड्या चालवाव्यात अशी सूचना पुढे आली. मधे पहिले महायुद्ध आले, आणि प्रत्यक्ष काम व्हायला आणखी वीस वर्षे लागली.

३ फेब्रुवारी १९२५ हा दिवस. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन होऊन व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गाने, भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. गाडी चार डब्यांची होती. डबे बाहेरून आलेले, काही इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड कारखान्याचे, काही जर्मनीच्या उर्डिंगन कारखान्याचे. ५ जानेवारी १९२८ रोजी दुसऱ्या कंपनीनेही, म्हणजे बी. बी. सी. आय. रेल्वेने, कुलाबा ते बोरिवली अशी विजेची गाडी सुरू केली. १९३० पर्यंत वीज दोन्ही घाट चढून इगतपुरीपर्यंत आणि पुण्यापर्यंत पोचली. सह्याद्रीतल्या पाण्यावर खोपोली, भिवपुरी येथे टाटांची वीज तयार होत होती. पुढे रेल्वेने स्वतःचेही वीजघर ठाकुर्लीजवळ चोळे येथे उभारले.

या गाडीची मोठी खुबी अशी की, तिला वेगळे इंजिन नाही. मोटारी डब्यांच्याच पोटाखाली बसवलेल्या. दोन्ही टोकांना चालकाची खोली. गाडी शेवटच्या स्टेशनात पोचली की मोटरमनने या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचे, की गाडी परत निघाली. फलाट अडून राहत नाही, वेळ वाया जात नाही. काही डबे मोटारीचे आणि काही बिनमोटारीचे, असे जोडून जो संच होतो त्याला रेल्वेची माणसे रेक म्हणतात. हा शब्द पुढे पुन्हापुन्हा येईल, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता थोडे विजेविषयी. शिक्षकबंधूंना हा भाग वर्गात उपयोगी पडेल. १९२५ साली तारेत सोडलेली वीज १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, तिला डी.सी. म्हणतात. त्या काळच्या मोटारींना तीच सोयीची होती. पण तिच्यात एक अडचण आहे. पाटाच्या पाण्याचा विचार करा. पाण्याला दाब कमी असेल तर तेवढेच पाणी पोचवायला रुंद पाट लागतो. दाब जास्त असेल तर अरुंद नळीतूनही काम होते. विजेचेही तसेच आहे. समजा, एका गाडीला ३,००० किलोवॉट शक्ती हवी आहे. आपल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपांच्या हिशेबात सांगायचे तर हे सुमारे आठशे पंप झाले. ही शक्ती १,५०० व्होल्टवर न्यायची तर २,००० अँपिअर प्रवाह लागतो. तीच २५,००० व्होल्टवर नेली तर ढोबळ हिशेबाने १२० अँपिअर पुरतात. फळ्यावर भागाकार मांडून दाखवावा. मुलांना लगेच पटेल. प्रवाह मोठा म्हणजे तांब्याची तार जाड, वाटेत वीज फुकट जाण्याचे प्रमाण जास्त, आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्र उभारणे भाग.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने ठरवले की, यापुढे सगळीकडे २५,००० व्होल्टची उलटसुलट दिशेने वाहणारी वीज, म्हणजे ए.सी., वापरायची. फ्रान्समधल्या रेल्वेचा अनुभव त्या निर्णयामागे होता. त्याप्रमाणे देशभर नव्या तारा पडत गेल्या. इगतपुरीपासून पूर्वेकडे भुसावळ, नागपूर आणि आपल्या भंडारा रोडपर्यंत जी तार आली ती या नव्या पद्धतीची. मुंबई मात्र जुन्या तारेवरच राहिली. यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली. नागपूरकडून निघालेली गाडी इगतपुरीला थांबायची. तिथे ए.सी. चे इंजिन काढायचे, डी.सी. चे जोडायचे, मग घाट उतरायचा. त्या वेळी प्रवास केलेल्या मंडळींना इगतपुरीचा तो लांबलेला थांबा आठवत असेल. चहावाल्यांची चंगळ, आणि प्रवाशांची चुळबूळ! त्या थांब्याचे एक कारण १९२५ सालच्या तारेत होते.

मग मुंबईने आपली तार लगेच का बदलली नाही? कारण ती बदलणे म्हणजे घरातले एखादे दिवे-बटण बदलणे नव्हे. तारेत वीज नवी सोडली तर खालच्या सगळ्या जुन्या गाड्या त्या क्षणी निकामी होणार. गाड्या आधी बदलाव्यात तर नव्या गाडीला जुन्या तारेची वीज चालत नाही. तार आधी की गाडी आधी? दरम्यान लोकल एक दिवसही थांबवता येत नाही. करोनाच्या साथीपूर्वी या लोकलमधून रोज सुमारे पाऊणशे लाख माणसे प्रवास करीत.

दुसरीकडे गर्दी वाढतच होती. चार डब्यांच्या गाड्यांच्या नऊ डब्यांच्या झाल्या, नऊच्या बारा झाल्या, आणि २००९ मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी आली. साठच्या दशकापासून कलकत्त्याच्या जेसॉप कारखान्यातले आणि मद्रासजवळ पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतले देशी डबे येऊ लागले होते. ही मोठी अभिमानाची गोष्ट. पण जुन्या तारेची ताकद संपत आली होती. डबे वाढवावेत तर प्रवाह वाढवावा लागे, आणि प्रवाह वाढवायला उपकेंद्रे पुरी पडत नसत.

यावर जो उपाय निघाला तो मोठा शहाणपणाचा. रेल्वेने अशा गाड्या घडवल्या की ज्यांना दोन्ही प्रकारची वीज चालेल. नव्या डब्यांत अशी सामग्री बसवली. शिवाय ज्या जुन्या डब्यांचा सांगाडा अजून धडधाकट होता, अशा काही डब्यांचेही आतले यंत्र काढून त्याजागी दोन्ही विजांवर चालणारे यंत्र घातले. म्हणजे बूड चांगले असलेले भांडे मोडीत न घालता त्याचा पुन्हा उपयोग केला. या कामासाठी १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले होते. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. नोव्हेंबर २००७ मध्ये पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या गाड्या धावू लागल्या. त्यांचे डबे पेरांबूरचे आणि विजेची सामग्री सीमेन्सची होती.

अशा दोन्ही विजांच्या गाड्या पुरेशा झाल्यावर तारेला हात घातला, तोही तुकड्यातुकड्याने. जुन्या आणि नव्या तारेच्या सांध्यावर थोडा भाग बिनविजेचा ठेवलेला असे. मोटरमनने खटका बंद करायचा, गाडी आपल्या वेगाने तो भाग ओलांडायची, आणि पलीकडे दुसरी वीज घ्यायची. डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडत, तेवढीच खूण प्रवाशाला कळायची. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चर्चगेट ते विरार मार्ग पूर्णपणे नव्या विजेवर आला. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग आला. उरला हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटलेली शेवटची डी.सी. लोकल बोरीबंदरला पोचली आणि एकदिश विजेचा काळ संपला. १९२५ मध्ये याच हार्बर मार्गावर बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली गाडी धावली होती. जिथे तो काळ सुरू झाला होता तिथेच तो संपला, एक्क्याण्णव वर्षांनी.

या कामात किती गोष्टी आड आल्या याची कल्पना आपल्याला येत नाही. पंचवीस हजार व्होल्टची तार आणि वरचा पूल यांत सुरक्षित अंतर राहिले पाहिजे. मुंबईतले कित्येक पूल वाफेच्या इंजिनांच्या काळातले, बुटके. काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावाच लागला. सिग्नलच्या तारा, टेलिफोनच्या तारा, रुळांतून जाणारे विद्युत्‌प्रवाह, सगळे नव्याने तपासावे लागले. आणि यातले बरेच काम रात्री, शेवटची गाडी गेल्यानंतर आणि पहाटेची पहिली येण्याच्या आधी, जे दोन-तीन तास हाती येत त्यांत करायचे. ज्या कामगारांनी हे केले त्यांची नावे कुठल्या पाटीवर कोरलेली दिसत नाहीत.

नव्या गाड्यांनी काय दिले? जुन्या गाडीत वेग आवरण्यासाठी वीज लोखंडी रोधांतून सोडत. तिची नुसती उष्णता होऊन ती वाया जाई. नव्या गाडीत ब्रेक लावला की मोटारीच वीज तयार करतात आणि ती तारेत परत जाते. बैलगाडी उतारावरून जाताना बैलांचा जोर परत मिळाला असता, तर जे झाले असते ते इथे खरोखरच होते. यात तीस टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, असे रेल्वे सांगते. वेगही ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरपर्यंत नेता येतो. छतातून ताजी हवा आत सोडण्याची सोयही या गाड्यांत आली.

गाड्यांची देखभाल हेही एक मोठे शास्त्र आहे. लोकलच्या डब्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात. समुद्राची खारी हवा, पावसाळा आणि गर्दीचे ओझे यांनी पत्रा खातो. म्हणून माटुंगा आणि महालक्ष्मी येथील कारखान्यांत ठराविक मुदतीने प्रत्येक गाडी नेतात. डबा यारीने उचलून चाकांवरून वेगळा करतात. चाके झिजून वेडीवाकडी झाली असतील तर चरकावर धरून पुन्हा गोल करतात. गंजलेला पत्रा कापून नवा लावतात. बाके, पंखे, ब्रेक तपासून मग गाडी बाहेर सोडतात. आपल्याकडे दिवाळीला घर सारवून घेतात, तसाच हा प्रकार; फक्त इथे चूक झाली तर माणसे जिवाला मुकतील.

इथपर्यंतची कथा ऐकली की वाटते, सारे उत्तम झाले. तार बदलली, मोटार बदलली, रंग बदलला. पण वाचकहो, एक गोष्ट शंभर वर्षांत बदलली नाही. ती म्हणजे दार.

लोकलची दारे धावत्या गाडीत उघडी असतात. त्याला कारण आहे. नऊ डब्यांच्या ज्या गाडीत सुमारे १,७०० माणसे मावावीत, तिच्यात गर्दीच्या वेळी साडेचार हजारांहून अधिक माणसे भरलेली असत. एक चौरस मीटर जागेत, म्हणजे आपल्या चुलीपुढच्या जागेएवढ्या जागेत, चौदा ते सोळा माणसे उभी! दार लावले तर आत गुदमरायला होते. म्हणून दार उघडे, आणि दारात माणसे लटकलेली. दरवर्षी या मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे प्राणाला मुकतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत हेच घडले. त्यांत रूळ ओलांडताना गेलेले सर्वांत अधिक, पण गाडीतून पडून गेलेलेही शेकड्यांनी. यांत खेड्यातून पोट भरायला गेलेली तरुण मुलेही असतात, हे वेगळे सांगायला नको. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्टेशनांच्या दरम्यान, वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसे एकमेकांना घासून खाली पडली, आणि काहींचे प्राण गेले.

मग दारे बंद का करत नाहीत? कारण नुसते दार बसवून भागत नाही. पहिली अडचण हवेची. दुसरी वेळेची : स्टेशनात गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, आणि मागची गाडी तीन-चार मिनिटांवर आलेली असते. तिसरी गर्दीची : आपोआप लागणाऱ्या दारात एकाची पिशवी जरी अडकली तरी गाडी हलत नाही, आणि एक गाडी अडली की मागची रांग अडते. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल आली. तिची दारे आपोआप लागतात. पण तिचे तिकीट महाग. मे २०२२ मध्ये तिचे एकेरी भाडे निम्म्याने कमी केले, तरी साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी विरोध केला. त्यांना थंड हवा नकोशी होती असे नव्हे. साधी गाडी कमी झाली की गरिबाची जागा कमी होते, हे त्यांचे म्हणणे होते. एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण होऊ नये, हा त्यातला मुद्दा रास्त होता.

मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप लागणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. यापुढच्या नव्या गाड्यांना दारे असतीलच, आणि चालू गाड्यांतही फेरबदल करायचा, असा तो निर्णय होता. त्यासाठी तीन गोष्टी योजल्या : दाराला हवा येईल अशा झडपा, छतावरून ताजी हवा आत सोडणारी यंत्रे, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल असा जोडमार्ग, म्हणजे गर्दी आपोआप विभागली जाईल. या तिन्ही गोष्टी बघा. यांत एकही अशी नाही की जिला फार मोठे नवे शास्त्र लागते. लागते ती इच्छा, पैसा, आणि हे काम तारेइतकेच महत्त्वाचे आहे असे मानण्याची वृत्ती.

इथेच या इतिहासाचा धडा आहे. तार बदलण्याचे काम अवघड होते, तरी ते झाले; कारण तार न बदलती तर गाड्या वाढवता आल्या नसत्या, वीज वाया गेली असती, हिशेबात तोटा दिसला असता. दाराचे काम मागे पडले. कारण दारातून पडलेल्या माणसाचा तोटा रेल्वेच्या हिशेबवहीत दिसत नाही, तो त्याच्या घरी दिसतो. तो कधी आसनगावच्या घरात दिसतो, कधी आपल्या बाजूच्या एखाद्या गावात. नवी तार टाकताना जी चिकाटी दाखवली, रात्री दोन-दोन तास काम करून, एक दिवसही गाडी बंद न ठेवता, तीच चिकाटी दारासाठी दाखवली तर हे कामही होईल. अशक्य असे त्यात काही नाही, हे ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीने सिद्ध केले आहे.

आपल्याकडेही आता गोंदिया, भंडारा रोड, इतवारी अशी मेमू गाडी धावते. तीही लोकलचीच बहीण. मोटार डब्यांखाली, दोन्ही टोकांना चालकाची खोली, आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार. शिक्षकांनी मुलांना ती गाडी दाखवावी आणि वरच्या तारेची गोष्ट सांगावी. तार कोणती, मोटार कोणती, हे सांगून झाल्यावर दाराकडेही बोट दाखवावे. आणि धावत्या गाडीच्या दारात उभे राहू नये, हे त्याच धड्यात सांगावे. आपली गर्दी मुंबईएवढी नाही, हे आपले सुदैव. पण सुदैवावर विसंबून दार उघडे ठेवणे बरे नव्हे.